दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही

राजमतीने गच्चीवर जाऊन आक्काताईच्या फ्लॅटकडे उतरणाऱ्या पाइपाचा कॉक आवळून बंद केला. कॉक जुना होता, शेवटचा फेरा देताना तळहातात रुतला. मग ती दुसऱ्या मजल्यावर उतरली, आपल्या दाराआडच्या खिळ्यावरची किल्ली काढून समोरचं आक्काताईचं कुलूप उघडलं आणि मोरीतला नळ सोडला. पाइपात उरलेलं पाणी भसाभसा बादलीत पडलं, मग त्याची धार झाली, मग थेंब. थेंबही थांबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. बादली ओतून तिने मोरी फडक्याने कोरडी पुसून घेतली.

दूध संघाच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं काढली होती. अर्धवट काम तिला जमत नसे.

साडेदहाला फ्लॅट विकत घ्यायला गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको, दोघंही तिशीच्या आतली. राजवीर शिरोलीच्या एका कारखान्यात इंजिनियर होता, मोना एका शाळेत चित्रकला शिकवायची. आक्काताईच्या मुलाने, विश्वजितने, पुण्याहून आदल्या दिवशी फोन केला होता. "मावशी, दोघं चांगली आहेत. जरा नीट दाखवाल ना?"

"दाखवतो की," राजमती म्हणाली होती.

राजवीर पावलांनी खोल्या मोजत होता. मोना खिडकीतून खालचं शेवग्याचं झाड बघत होती. फ्लॅटमध्ये सामान फारसं नव्हतं. एक दिवाण, एक कपाट आणि भिंतीवर दीड वर्षापूर्वीच्या दिवाळीच्या महिन्यात थांबलेलं कॅलेंडर.

"हितं कोण राहत होतं काकू?" मोनाने विचारलं.

"माझी मैत्रीण. बरोबर नोकरीला होतो आम्ही. पोराकडं गेलीया, नातीला सांभाळाय."

"घर लवकर घ्यायचं म्हणून धडपड चाललीया बघा," राजवीर म्हणाला. "मी पहिल्या पगारालाच ठरवलंय, पन्नाशीला नोकरी सोडायची. त्याच्या आत हप्ते सगळे संपले पाहिजेत. आत्तापासनं धरलं तरच जमतंय ते."

"नोकरी सोडून काय करणार?"

"जगायचं की!" तो हसला. "राधानगरीकडं तुकडाभर रान घ्यायचं, चार म्हशी पाळायच्या."

"म्हशी तुझ्या तू बघ," मोना स्वयंपाकघरातून ओरडली.

राजमतीही हसली. हसताना तिने दाराची चौकट धरली.

निवृत्तीचा विचार पहिल्यांदा मनात आला तेव्हा तीही पंचवीस वर्षांचीच होती. प्रयोगशाळेतले आकाराम मास्तर निवृत्त झाले होते. त्यांना हार घातला, शाल दिली, जीपमधून घरी सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ते पुन्हा संघाच्या गेटवर हजर. "असंच आलतो," म्हणाले. मग रोज. वॉचमन त्यांना खुर्ची द्यायचा. ते तिथे बसून येणाऱ्या टँकरचे नंबर मोठ्याने वाचायचे. पहिल्या पाळीला आत शिरताना राजमतीला त्यांच्याकडे बघवत नसे. एकदा डबा खाताना ती आक्काताईला म्हणाली, "आपलं असं व्हायचं न्हाय हं."

"मग कसं व्हायचं?" आक्काताईने विचारलं होतं.

तिथून सगळं ठरत गेलं. राजमतीचं लग्न झालं नाही. धाकट्या भावांची झाली. आक्काताईला नवरा होता, सासू होती, उत्तरेश्वर पेठेत माणसांनी भरलेलं घर होतं. तरी डब्याच्या वेळेत दोघी ठरवत राहिल्या. निवृत्त झाल्यावर सात वाजेपर्यंत झोपायचं, कारण आयुष्यभर चारला उठलो. समोरासमोर राहायचं. पेटी शिकायची, आक्काताईने सूर धरायचा आणि राजमतीने भाता मारायचा असं सुरुवातीला, मग आलटून पालटून. पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायचं आणि येताना बाहुबलीचा डोंगर करायचा, म्हणजे दोघींचेही देव झाले. पस्तिशीत दोघींनी एकाच मजल्यावरचे हे दोन फ्लॅट घेतले. राजमती लगेच राहायला आली. आक्काताईने आपला भाड्याने दिला आणि बावीस वर्षांनी, नवरा गेल्यावर, नोकरी संपली त्याच आठवड्यात, एका टेम्पोत दिवाण आणि कपाट घालून ती समोर आली.

तो एक पावसाळा दोघी समोरासमोर राहिल्या. दारं दिवसभर उघडी असायची. पेटी कुठली घ्यायची ते बघायला दोघी दोनदा बाजारात जाऊन आल्या. दिवाळी झाली आणि विश्वजितच्या बायकोची नोकरी पुन्हा सुरू झाली. "दोन महिन्यांत येतो," असं सांगून आक्काताई गेली.

मोनाने स्वयंपाकघरातला नळ सोडला. नळातून नुसती हवा खाकरल्यासारखी आली.

"पाणी न्हाय?"

"त्येच तर," राजमती म्हणाली. "दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत न्हाय. पहिल्यापासनंच अडचण हाय. तुमच्यापासनं लपवून काय करायचं?"

राजवीरने मोरीतला नळ बघितला. मग संडासातला. त्याचा चेहरा उतरला. "विश्वजित दादा तर काही बोलले न्हाईत."

"तो पुण्यात. त्याला काय ठाऊक?"

"मग तुम्ही काय करता काकू?" मोनाने विचारलं.

"खालच्या बोअरवरनं आणायचं. बादलीनं."

"तुम्ही? रोज? या वयात?"

"सवय झालीया."

 राजवीरने मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि बायकोला खुणेने निघूया म्हटलं. पण मोना जागची हलेना. तिची नजर मोरीतल्या रिकाम्या बादलीवर होती. राजमतीला काही कळायच्या आत तिने ती उचलली आणि जिना उतरू लागली.

"अगं पोरी, राहू दे! झालंय माझं पाणी आजचं!"

"आलोच मी," खालून आवाज आला.

राजमती कठड्याला धरून उभी राहिली. खाली बोअरचा नळ सुटल्याचा, बादली भरत गेल्याचा आवाज आला. मग पावलं. पहिल्या मजल्यावर पोरगी थांबली, हात बदलला. वर पोचली तेव्हा तिची सलवार गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि कपाळावर घाम होता.

"कुठं ठेवू?"

राजमती आपल्याच दारात आडवी उभी होती. तिच्या मागे, स्वयंपाकघरात, फिल्टरची बारीक धार कळशीत पडत होती. तो आवाज आपल्याला येतो आहे तसा मोनालाही येत असणार असं तिला वाटलं. "हितंच ठेव. उंबऱ्यात."

"आणखी एक आणू?"

"नको, नको. पुरे झालं."

"पाणी यायला लागलं तर कळवा हं काकू. माझा नंबर घ्या." मोनाने नंबर सांगितला, राजमतीने तो दाराआडच्या आपल्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून घेतला. "घर आवडलंवतं मला. खिडकी चांगली हाय."

ती दोघं गेल्यावर राजमती गच्चीवर गेली आणि कॉक उघडला. पाणी खाली उतरल्याचा घुमारा पाइपातून आला. एरवी या आवाजाने तिला सुटल्यासारखं वाटायचं. आज ती भरली बादली ओलांडून घरात आली आणि दुपारभर तिने ती उचलली नाही.

सव्वासहाला आक्काताईचा फोन आला. नात नाचाच्या क्लासला गेली की ती बागेतल्या बाकावरून फोन करायची.

"राजी, गेली का माणसं?"

"गेली."

"काय सांगितलंस?"

राजमती उंबऱ्यातल्या बादलीपाशी आली.

"पाणीच न्हवं? विश्वाला त्या पोराचा फोन आलता. अगं, मागल्या गिऱ्हाइकाला पण पाणीच सांगितलंस. त्याच्या आधी भिंतीला ओल. त्याच्या आधी खालच्या गिरणीचा आवाज. गिरणी कधी हुती ग आपल्याकडं?" आक्काताई हसत होती.

राजमती सावकाश खुर्चीवर बसली. कानाशी धरलेला फोन तिने दुसऱ्या हातात घेतला. "तुला ठाऊक हुतं?"

"मला न्हाय तर कुणाला ठाऊक असणार? विश्वा पहिल्यापासनं म्हणत हुता, एजंटाकडं देऊया. मीच म्हटलं, न्हाय. राजीकडं राहू दे, ती नीट दाखवत्या."

मोठ्या धरणाचा दरवाजा उघडावा तसं काहीतरी राजमतीच्या छातीत झालं. म्हणजे हे सगळे महिने ती एकटी नव्हती तर. कॉक ती बंद करत होती, पण त्यावर दोघींचा हात होता. तिला मोठ्याने हसावंसं वाटलं. "म्हणजे तू मुद्दामच..."

"तवा यायचंच हुतं मला, राजी."

राजमती त्या 'तवा'पाशी थांबली. प्रयोगशाळेत असताना नुसत्या वासावरून तिला नासायला लागलेलं दूध कळायचं. नळी हातात घ्यायचीही गरज पडायची नाही.

"आणि आता?" तिने विचारलं.

पलीकडे बागेतली पोरं ओरडत होती. कुणीतरी आक्काताईला हाक मारली, "आजी, येताय ना?" तिने "आलो, आलो" म्हटलं. मग आवाज खाली आणला.

"मला हितं करमाय लागलंय ग."

राजमतीने फोन कानाशी दाबला.

"आधी न्हाय करमलं. तुला सांगितलंवतं की, रडायचो मी. पण आता ह्या बायका भेटल्यात चार. एक नागपूरची हाय, एक आपल्या जयसिंगपूरची. आणि..." ती अडखळली. "पेटी शिकाय लागलोय. मंगळवारी, शुक्रवारी. तुला सांगावं सांगावं म्हणत हुतो. दोन महिने झाले."

"कुठवर आलीस?"

"एक भजन वाजवतोय. चुकत चुकत."

"चांगलं झालं की," राजमती म्हणाली. दुधाच्या नमुन्याचा आकडा वाचून दाखवावा तशी म्हणाली. 

"रागावलीस?"

"न्हाय ग."

"विश्वाला मोठं घर घ्यायचंय, पोरगी वाढतीया. मी किती दिवस अडवून धरू? या पोरांना दे, राजी. चांगली हायत म्हणतोय."

"व्हय. चांगली हायत. पोरीनं मला खालनं बादली भरून आणून दिली. दोन मजले."

आक्काताई हसायला लागली, आणि मग ते हसणं नव्हतं. 

"तू ये की चार दिस हिकडं," शेवटी आक्काताई म्हणाली.

"बघू."

"जेवलीस का? दिवस बुडाय आला तुझा."

"जेवतो आता. ठेव."

सूर्यास्ताच्या आत जेवायचं, हा राजमतीच्या घरातला लहानपणापासूनचा नेम. नोकरीतही तिने तो मोडला नव्हता. भाकरी आणि वांग्याची भाजी तिने ताटात वाढून घेतली. पश्चिमेच्या खिडकीत ऊन अजून हातभर होतं. घास मोडायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेऊन ती उठली. कॅलेंडरच्या कोपऱ्यातला नंबर वाचून तिने फोन लावला.

"काकू? आलं का पाणी?"

"पाणी असतंय," राजमती म्हणाली. "चोवीस तास असतंय. कधी गेलेलं न्हाय. सकाळी मीच कॉक बंद केलता."

 मोना म्हणाली, "म्हणजे मी बादली..."

"व्हय. उगंच आणलीस."

"पण का काकू?"

 खोटं सांगायचं असतं तर राजमतीकडे चार उत्तरं तयार असती. "माझी मैत्रीण परत येणार हुती," ती म्हणाली. "तिचं घर जाऊ नये असं वाटत हुतं."

"मग आता?"

"आता न्हाय येणार."

मागे राजवीर विचारत होता, कोण आहे, काय म्हणतात. मोनाने त्याला काहीतरी सांगितलं. दार लावल्याचा आवाज आला, आणि आता पलीकडे मोना एकटीच होती.

"काकू, एक विचारू? तुम्ही राहणार न्हवं तिथं? का तुम्ही पण विकून जाणार?"

"मी कुठं जातोय."

"मग बरं. कारण आमचं काय, सकाळी साडेसातला बाहेर पडतो ते रात्री आठ वाजतात यायला. दिवसभर कुणी नसणार आमच्यात."

"असू दे," राजमती म्हणाली. "मी असतोय."

"रविवारी येतो परत. राजवीरला मी सांगतो समजावून."

"या."

फोन ठेवून ती वळली तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. समोरच्या गच्चीवरचं आभाळ नुसतं तांबूस होतं. तिने ताटावर दुसरं ताट पालथं घातलं. उद्या कुणी विचारलं, तर आज उपास होता म्हणून ती सांगणार होती.