काळे पडलेले मोती

मला तिचा पहिल्यापासूनच संशय होता, आणि उगाच नव्हता. दादानं दुसरं लग्न केलं आणि लगेच पहिल्या वहिनीचं तैलचित्र दिवाणखान्यातून उठलं, मागच्या बोळात बंद न्हाणीघराशेजारी जाऊन लटकलं. म्हणे दादानंच हलवलं. दादा स्वतःचा पाण्याचा पेला हलवत नाही, चित्र काय हलवणार?

यंदा त्याच्याकडे राहायला गेले आणि पाहते तो काय, चित्रातल्या वहिनीच्या गळ्यातले मोती काळेठिक्कर. गाल काळवंडलेले. मेलेल्या सवतीच्या तोंडाला काळं फासायचं म्हणजे हद्द झाली. मी दादाला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. घरात माणसं दोन. त्यानं फासलं नाही, तर उरलं कोण?

दादानं चित्र जवळून न्याहाळलं. मग म्हणाला, "हे तिनं केलं असेल, तर तिनं या घरात राहू नये."

मी मनात म्हटलं, आता बोल म्हणावं.

नवी वहिनी रडली नाही की भांडली नाही. "मी हात लावलेला नाही," एवढंच म्हणाली. मोजकं बोलणारी माणसं मला आधीच खटकतात. वर चित्रं दुरुस्त करणारा माणूस तिनंच शोधून आणला. म्हणजे आतून संगनमत. मी त्याच्या पाठीमागेच उभी राहिले.

त्यानं भिंगातून चित्र पाहिलं. "काजळी फासली असती तर साडीच्या लाल काठालाही लागली असती. इथं पांढरं तेवढंच काळं झालंय." मग नाक वर केलं. "वास कसला येतो?"

"कसला म्हणजे? ही रोज अंडी उकडते," मी म्हटलं.

तो न्हाणीघरात गेला आणि त्यानं मोरीच्या जाळीत काडी घालून बघितली. काडी कोरडीच वर आली. जाळीखाली पाणी साचलेलं असलं की गटारातला वायू अडतो, म्हणाला. वापर नाही म्हणून ते सुकलंय. हायड्रोजन आणि गंधक मिळून झालेला वायू. दलदलीत, गरम झऱ्यांत, ज्वालामुखीच्या तोंडाशी, सडक्या अंड्यात, सगळीकडे तोच. जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असतं. त्याला हा वायू लागला की रंग काळा पडतो.

"म्हणजे आमच्या मोरीत ज्वालामुखी आहे म्हणा की."

"गटार आहे, ताई," तो शांतपणे म्हणाला.

त्यानं कापसाच्या बोळ्यानं एका मोत्याला कसलंसं औषध लावलं. बघता बघता मोती पांढरा झाला.

"चला, मिटलं," दादा म्हणाला.

नवी वहिनी दारात उभी होती, हातात बॅग. "मिटलं कसं? इतके दिवस मी ताट वाढताना तुम्ही माझी बोटं न्याहाळत होता. काळी आहेत का म्हणून. ताई परक्या, त्यांचं सोडा. तुम्ही मला एकदा विचारलं तरी असतं."

ती जिना उतरू लागली. परकी म्हणाली ते मला झोंबलं, पण त्याहून जास्त तिची कीव आली. मी दादाकडे पाहिलं. आता धावेल, हाक मारेल, निदान चपला तरी शोधेल.

दादा चित्रासमोरून हलला नव्हता. "गालही असाच उजळेल ना हो?" तो त्या माणसाला विचारत होता.