आईच्या गळ्याचं माप

घामाच्या धारा लागलेल्या असताना लोकर मागणाऱ्या मुलीकडे लोक कसे बघतात, ते मनवाला दादरच्या दुकानात कळलं.

"शाळेचं प्रोजेक्ट का?"

"नाही, आईचा मफलर!" ती ऐटीत म्हणाली.

आई दीड वर्षापूर्वी नर्स म्हणून जर्मनीला गेली होती. तिच्याबरोबर काम करणारी मेघनाताई सुट्टी संपवून शनिवारी परत निघणार होती. तिच्याबरोबर मफलर गेलाच पाहिजे. हातात दिवस अकरा आणि विणकामातलं मनवाला ओ की ठो कळत नव्हतं.

शिकवायला लालबागच्या त्यांच्या चाळीतच कांतामावशी होत्या. परळच्या एका प्रसूतिगृहात आया म्हणून त्यांनी आयुष्य काढलं, आणि तिथे जन्मलेल्या बाळांसाठी ढीगभर टोपडी विणली.

"सुईचा गळा कशाला आवळतेस? सैल धर."

"मावशी, टाका पळाला!"

"मग जा, पकडून आण त्याला."

चौथ्या दिवशी चोवीस टाक्यांचे एकतीस झाले. सगळं उसवलं. मनवा रडली, नाक पुसलं, पुन्हा चोवीस घातले. नवव्या दिवशी मात्र हात असे चालायला लागले की बघतच राहावं! बाबा म्हणाले, "अभ्यासाला एवढी बसली असतीस तर?" तिने मान वरसुद्धा केली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी ती मावशींकडे धावली. "विणून झालं. आता उसवू नये म्हणून शेवटचे टाके बंद कसे करायचे, दाखवा."

"नाही दाखवणार."

"म्हणजे?"

"ज्याचं आहे ते माणूस समोर आल्याशिवाय मी टाके बंद करत नाही. आजवर कधी केले नाहीत."

"माणूस जर्मनीत आहे, मावशी!"

"मग येऊ दे की."

मनवाचं डोकं सटकलं. येऊ दे म्हणे! आई अशी सहज येत असती तर ही लोकर आणलीच कशाला असती? घरी येऊन तिने मफलर स्वतःच्या गळ्याभोवती गुंडाळला. छान गाठ बसली. यूट्यूब बघून तिने टाके बंद केले आणि सकाळी पुडकं मेघनाताईच्या हातात दिलं.

मंगळवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. ती बसस्टॉपवर उभी होती, जाड कोटात, कॉलर कानापर्यंत. कॉलरवरून मफलर एकदा फिरला आणि दोन्ही टोकं हनुवटीखाली जेमतेम भेटली. गाठ मारायला काही उरलंच नाही. आईने टोकं मुठीत धरून ठेवली.

"किती ऊब आहे गं!"

मनवाने माप घेतलं होतं टी-शर्टवर, पंख्याखाली. कोट तिच्या डोक्यातच आला नव्हता. बाळाचं डोकं बघितल्याशिवाय मावशी टोपडं का बंद करत नसत, ते तिला आत्ता कळलं.

"दुसरा करते. माप दे. आत्ताच्या आत्ता."

आईकडे टेप कुठली! तिने पर्समधली चार्जरची वायर काढून कॉलरभोवती गुंडाळली, गाठीपुरती सोडली, मग विती टाकत मोजली. "पाच वीत, चार बोटं."

"कोणाची वीत? तुझी की माझी?"

आईने वायर खाली घेतली. "तुझी केवढी झाली? दाखव."

मनवाने पंजा कॅमेऱ्यासमोर पसरला. तिकडून आईने हातमोजा काढून आपला पसरला. दोन्ही पंजे फोनभर झाले.

"माझ्याएवढा झाला का गं?"

मनवाने फोन लांब धरला, मग जवळ घेतला.

"कळत नाही, आई," ती म्हणाली. हात मात्र तिने खाली घेतला नाही.