बाळंतिणीचा जिन्नस

गुंडा धनगराने गाठोडं दुकानाच्या फळीवर ठेवलं आणि गाठ दातांनी सैल केली. आत पुड्या जशाच्या तशा होत्या. खारीक, डिंक, खोबरं, अळीव, सुंठ, थोडे बदाम. मागच्या बाजाराला त्याने त्या याच फळीवरून विकत नेल्या होत्या.

"परत घ्या आप्पा," तो म्हणाला. "आता नको."

बसलिंगप्पाने हातातली चहाची पेटी खाली ठेवली. मंगळवार पेठेतल्या त्याच्या दुकानात मस्कतची खारीक, कंदाहारचे बेदाणे, सिलोनची वेलची, पंजाबातलं सैंधव असं लांबलांबचं येऊन पडत असे. मालक मात्र कुर्डुवाडीच्या पुढे कधी गेला नव्हता. शहरावर गोऱ्या सरकारचा मार्शल लॉ येऊन गेला त्याला वर्ष होत आलं तरी गिऱ्हाइकाचा हात अजून आखडलेलाच होता. तरीही न उघडलेला माल बसलिंगप्पा परत घेई. चिक्कू म्हणून त्याची ख्याती होती, लबाड कुणी म्हणत नसे.

"का रं? बायको बाळंत झाली न्हवं?"

"झाली."

"मग?"

गुंडा पुड्यांकडे बघत राहिला. "पोरगं सकाळी जलमलं, दुपारच्याला गेलं. आय म्हणती, पोरच न्हाय तर लाडू कुणासाठी वळायचं?"

"आन् बायको?"

"पडून हाय. भाकर फुडं ठिवली की भिताडाकडं तोंड करती."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं? आयनं सांगितलं."

मेंढरांचा अख्खा कळप एका शिट्टीवर वळवणारा हा गडी, पण आईपुढे त्याची मान वर होत नसे. बसलिंगप्पाने खारकेची पुडी उचलली, तागडीपर्यंत नेली आणि पुन्हा गाठोड्यात ठेवली.

"न्हाय घेता येत."

"का? पुडी सोडली बी न्हाय की."

"सुतकाच्या घरातनं आलेला जिन्नस हाय. हितं देवाधर्माचं गिऱ्हाईक येतं. उचल फळीवरनं."

"मग काय करू ह्याचं?"

"बायकोला घाल. बाळ गेलं रं, बाळंतीण हाय की अजून."

गुंडाने हुज्जत घातली नाही. उलट इतक्या झटपट गाठ मारली की बसलिंगप्पाला हसू येता येता राहिलं. पायरी उतरून तो पुन्हा वळला.

"सुतकाचं म्हून परत घेत न्हाईत, असंच सांगू न्हवं आयला?"

"असंच सांग."

शेजारचा घोंगड्यांचा व्यापारी शिवप्पा हे सगळं ऐकत होता. गुंडा दिसेनासा होताच तो फळीला टेकला. "लिंगवंताच्या दुकानात सुतक कवापासनं रं? गळ्यात लिंग आन् तोंडात सुतक?"

"माल परत घ्यायला परवडत न्हाय," बसलिंगप्पा म्हणाला.

चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं शिवप्पा आठवडाभर पेठेत सांगत फिरला. बसलिंगप्पाला त्याचं काही वाटलं नाही. संध्याकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसला तेव्हा मात्र त्याला जरा चोरट्यासारखं झालं. आपल्यात जे पाळत नाहीत, त्याच्या आडून तो खोटं बोलला होता, आणि ते त्याला टोचत होतं.

पुढच्या बाजाराला राजाबाई स्वतः आली. गुंडाची आई, अंगाने काटक, तोंडाने त्याहून. पायरीवरच उभी राहून तिने विचारलं, "सुतकाचं तुमीच सांगितलं का माझ्या लेकाला?"

"व्हय."

"तुमच्यात सुतक न्हाय पाळत. सगळ्या मुलखाला ठावं हाय."

बसलिंगप्पा तागडी पुसू लागला. ती स्वच्छच होती. आता गाठोडं अंगावर येणार, या तयारीनेच त्याने विचारलं, "सूनबाई कशी हाय आक्का?"

"उठून बसती. पयल्या दिशी लाडवाला हात बी लावला न्हाय. मग मीच म्होरं बसले. खाल्ल्याबिगर उठले न्हाय." ती पायरीवर टेकली. "डिंक द्या आनखी. संपत आला."

तो डिंक काढू लागला. राजाबाई लाकडी फळीच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"गुंडाच्या आदी मला एक पोरगी झाली हुती," ती म्हणाली. "न्हाय जगली. तवाबी माझ्या तोंडात एक लाडू जायच्या आदी सासऱ्यानं सगळा जिन्नस ह्याच फळीवर आणून टाकला हुता. तुमचा बा बसायचा हितं."

बसलिंगप्पाचा हात थांबला. हे दुकान बापाच्या सरळपणावर उभं आहे, असं तो येईल त्याला सांगत असे.

"लई सरळ माणूस," राजाबाई म्हणाली. "सगळा माल परत घेतला. तोलून."