सकाळी ती गेली

“नाना, माइक तोंडाजवळ धरा. आणि थोडक्यात बोला,” स्नेहलनं सासऱ्यांना कानात सांगितलं आणि मोबाईल वर धरून रेकॉर्डिंग सुरू केलं.

रंगनाथ उठले. देवळाली प्रवरातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये वाचनकट्ट्याची मंडळी खुर्च्या भरून बसली होती. समोर टेबलामागे पुण्याहून आलेले लेखक होते. आज त्यांच्याच कादंबरीवर चर्चा होती. रंगनाथांनी जन्मभर गावाला पाणी सोडलं. टाकीवरचे व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे, आणि पाणी कमी आलं की गल्लीगल्लीतल्या बायकांच्या शिव्या खायच्या, हीच नोकरी. अशा माणसाला लेखकासमोर उभं करायचं सुचलं ते कट्ट्याचे अध्यक्ष कल्याण सरांना, निवृत्त प्राध्यापकांना. का सुचलं, हे रंगनाथ सोडून हॉलमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

तरुणपणी पंपहाउसवर बसून रंगनाथ हाताला लागेल ते वाचायचे. मग संसार, मग टीव्ही, मग मोबाईल. पुस्तक सुटलं ते सुटलंच. गेल्या वर्षी, निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना, त्यांची बायको साळूबाई गेली आणि घर खायला उठलं. मुलगा कारखान्याच्या पाळीत अडकलेला. सून शाळेत शिक्षिका. तिनं वाचनालयाचं सभासदत्व घेऊन दिलं. म्हातारा दिवसभर डोळ्यांसमोर नको, हेही त्यात होतंच. सुरुवातीला त्यांच्यानं अर्धं पान वाचून होईना. ओळ निसटायची, हात आपोआप मोबाईलकडे जायचा. शेवटी त्यांनी मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. ओळीखाली पट्टी धरून, ओठ हलवत वाचू लागले. हळूहळू बूड टिकायला लागलं.

नव्या कादंबऱ्यांवरची त्यांची मतं कट्ट्यावर गाजू लागली. “मानसास्नी नावंच न्हाईत. नुसतं तो आन् ती. आदार कार्डावर काय लिवत असतील?” असं ते एकदा म्हणाले. दुसऱ्या एका कादंबरीत नवरा-बायको फ्लॅटमध्ये बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कंटाळतात. त्यावर म्हणाले, “त्यांच्या नळाला चोवीस तास पानी आसंल. म्हनून टाईम हाय.” लोक पोट धरून हसायचे. रंगनाथांना वाटायचं, आपलं म्हणणं पटलं. कल्याण सर त्यांना ‘आमचे समीक्षक’ म्हणत आणि त्यांची पाठ वळली की नक्कल करत. ती बघून हसणाऱ्यांत स्नेहलही असायची.

आज चर्चेला असलेली ही नवरा-बायकोची कादंबरी मात्र वेगळी निघाली. एक प्रकरण संपताना शेवटी एकच ओळ होती: ‘दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.’ रंगनाथांनी पुस्तक मिटलं. बरेच दिवस त्याला हात लावला नाही. मग उरलेलं डोळे पुसत कसंबसं संपवलं.

“मी सकाळी पानी सोडाया गेल्तो,” ते आता माइकमध्ये म्हणाले. “आलो तवा आमची मंडळी गेल्ती. लोक इचारायचे, कशी गेली, काय झाल्तं. मला सांगताच येईना. ह्या सायबांनी येका वळीत सांगितलं. सकाळी ती गेली. बास. रडनं न्हाई, भेकनं न्हाई. आन् शेवटाला तिचा फोन येतो, त्यो काय खरा फोन न्हाई. नवऱ्याला भास हुतो. मलाबी हुतो. चा ठिवलाय, असं आइकू येतं. मला वाटलं, म्या येकलाच यडा हाय. तर न्हाई. म्हनून सायबांचे उपकार.”

त्या घटकेला लेखकांनी नुसते हात जोडून गप्प बसायचं होतं. त्यांना ते जमलं नाही.

“काका,” ते हसत म्हणाले, “ती मेली नाही हो. बंगळूरला गेली, नोकरीला. आधीच्याच पानावर तिकीट काढलंय तिनं. आणि फोनही खराच आहे.”

आधी मागच्या रांगेत खसखस पिकली. मग कल्याण सरांनी दुसरा माइक ओढला. “रंगनाथराव, चालत्याबोलत्या बाईला मारलंत की! दहावा घालून मोकळे झालात, पण पिंडाला कावळा शिवेल कसा? बाई तिकडं ऑफिसात बसलीय.”

हॉलभर हशा उसळला. लेखक टेबलावर हात आपटून हसत होते. रंगनाथांनी सवयीनं स्नेहलकडे पाहिलं. तिच्या हातातला मोबाईल हलत होता, कारण तीही हसत होती. दुसऱ्या हातानं तोंड झाकलं होतं इतकंच. रंगनाथही हसले. सगळे हसत असताना एकट्यानं न हसता उभं राहणं फार अवघड असतं. “चुकलं,” ते माइकमध्ये म्हणाले आणि खाली बसले. माइक हातातच राहिला, तो कुणीतरी काढून घेतला.

स्नेहलनं व्हिडिओ कट्ट्याच्या ग्रुपवर टाकला. तसा काही हेतू नव्हता, असं ती नंतर म्हणाली, आणि ते खरंही असेल. दुसऱ्या दिवशी तो गावभर झाला. लेखकांनी पुढच्या गावातल्या कार्यक्रमात हा किस्सा रंगवून सांगितला. चहाच्या टपरीवर लोक विचारू लागले, “नाना, आज कोन गेली?” कमी पाण्यावरून जन्मभर बोलणाऱ्यांना बोलायला नवं काहीतरी मिळालं. माणसं हलकट असतात, आणि रिकामी असली की जास्तच.

“मनावर घेऊ नका, नाना. उलट प्रसिद्धी झाली तुमची,” स्नेहल म्हणाली.

“न्हाई, न्हाई. माजंच चुकलं.”

त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं. तिकीट होतं, अगदी ढळढळीत. इतक्या वर्षांनंतरचा तो शेवटचा फोन पुन्हा वाचला. ती बाई पगाराबद्दल आणि तिकडच्या हवेबद्दल बोलत होती. ज्या जागी ते रडले होते, तिथं रडण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांना स्वतःच्या रडण्याची लाज वाटली.

“ही जिती हाय, आन् इतकी वरसं येक फोन न्हाई केला?” त्यांनी स्नेहलला विचारलं. “मंग ही लई वंगाळ बाई हाय.”

“कादंबरी आहे ती, नाना.”

पुस्तक परत गेलं. नवं आणलं नाही. मोबाईल पिठाच्या डब्यातून बाहेर आला, आणि रंगनाथ दिवसभर त्यावर अंगठा फिरवत बसू लागले. कल्याण सरांनी निरोप धाडला, तुमच्याशिवाय कट्ट्याला मजा नाही. स्नेहलनं तो सांगितला. रंगनाथांनी मान हलवली आणि घरीच बसून राहिले.

भात निघाल्यावर अकोले तालुक्यातून दगडाबाई तांदूळ विकायला आली. ती दरवर्षी यायची आणि साळूबाईशी ओट्यावर बसून पोटभर बोलून जायची. साळूबाई गेली ती तिच्या गेल्या फेरीनंतर, त्यामुळे तिच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं.

“साळूबाई कुटं हाय?” डोक्यावरचं गाठोडं उतरवत तिनं विचारलं.

“गेली,” रंगनाथ म्हणाले.

“कुटं गेली? म्हायेराला?” गाठ सोडता सोडता तिनं विचारलं.

रंगनाथांनी चटकन मागं वळून दाराकडे पाहिलं. आत स्नेहल वह्या तपासत होती. वारली म्हणता आलं असतं, देवाघरी गेली म्हणता आलं असतं. चांगलं बोलायला त्यांना येत नव्हतं असं नाही. पण त्यांना आता असा शब्द हवा होता, ज्यातून कुणालाही तिकीट काढून कुठं जाता येणार नाही.

“मेली,” ते म्हणाले.

दगडाबाईच्या हातातली गाठ अर्धी सुटलेलीच राहिली. स्नेहल तरातरा बाहेर आली. “नाना, काय हे? आईंबद्दल असं बोलतात का?”

“मंग कसं बोलू?” रंगनाथांनी विचारलं. ते टोमणा मारत नव्हते, खरंच विचारत होते. ती शिकलेली, पोरांना शिकवणारी. तिला ठाऊक असेल असं त्यांना वाटलं.

स्नेहल आतून पातेलं घेऊन आली, आणि दगडाबाई गाठ सोडून तांदूळ मापू लागली.