पहिल्या गावातला पेशंट

आमच्या कंपनीत मला ‘वादळ’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. व्हिडिओ गेम बाजारात जाण्याआधी तो खेळून त्यातल्या चुका शोधणाऱ्या बारा जणांची मी प्रमुख. साधा माणूस ज्या गेमला तीन महिने घेतो, तो मी दोन दिवसांत संपवते. पात्रं बोलायला लागली की बटण दाबायचं, बोलणं गायब. गाव लांब असेल तर नकाशावर खूण करायची, आपण तिथे हजर. डोंगर, नद्या, सूर्यास्त हे सगळं आमच्या चित्रकारांनी जीव ओतून केलेलं असतं, मला ठाऊक आहे. पण ते बघत बसायचा पगार मला कुणी देत नाही.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आमचा सगळ्यात मोठा गेम तयार होत आला होता. सासूबाई म्हणजे एकतीस वर्षं इस्पितळात नर्स, त्यातली शेवटची नऊ पुरुषांच्या वॉर्डात मुख्य नर्स. अशा बाईला सक्तीची विश्रांती सांगणं म्हणजे बाकीच्या घराला शिक्षा. चौथ्या दिवशीच त्यांनी सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. माझी चादर घालायची पद्धत चुकीची, त्यांच्या मुलाची खुर्ची सरकवायची पद्धत चुकीची. कंपनीला तेव्हा कधीही गेम न खेळलेली काही माणसं हवीच होती. मी मशीन घरी आणलं आणि कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. मुलं रमतात तशा या रमतील आणि मला श्वास घेता येईल, एवढाच माझा हेतू होता.

गेमची सुरुवात अशी: तुम्ही शूर योद्धा. राजधानीला राक्षसानं वेढा घातलाय, तिथे लवकर पोचायचंय. वाटेतलं पहिलं गाव तलवार चालवायला शिकण्यापुरतं. लोक तिथे पंधरा मिनिटं थांबतात, मी चार. त्या गावात नदीकाठच्या घरात एक म्हातारा नावाडी पलंगावर पडून खोकत असतो. तापानं त्याला शुद्ध नसते.

सासूबाई त्याच्यापाशी थांबल्या त्या थांबल्याच. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले, तरी त्या त्याच खोलीत. मी म्हटलं, आई, राजधानी जळतेय.

“राजधानीत सैन्य आहे,” त्या म्हणाल्या. “याच्याजवळ कोण आहे?”

नावाड्याचा किस्सा मला माहीत होता. आमच्याकडे गेमची गोष्ट लिहिणारा एक शांत माणूस आहे, त्याला आम्ही गोष्टवाला म्हणतो. त्यानं कुणाच्या ध्यानात येणार नाही असं एक काम तिथे ठेवलं होतं. नदीकाठची वनस्पती आणून रोज सकाळी नावाड्याला दिली, तर चाळिसाव्या सकाळी तो उठून बसतो. मी सासूबाईंना ते सांगून टाकलं, म्हणजे त्या कंटाळून पुढे तरी जातील. त्यांनी उलट नीट विचारलं की तू पाहिलंयस का त्याला उठताना.

“हो, मी स्वतः पाहिलंय,” मी म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून घरात एक वॉर्ड सुरू झाला. रोज सकाळी अंघोळ उरकून, पाय स्टुलावर ठेवून सासूबाई कामावर हजर, रोज गेममधला एकच दिवस. दारातच तलवार काढून ठेवायच्या. पेशंटच्या खोलीत हत्यार कशाला, म्हणायच्या. खिडकी उघडायची, पाणी द्यायचं, औषध द्यायचं आणि मग एका वहीत तारीख, खोकला, चेहऱ्याचा रंग असं लिहायचं. त्यानंतर गावातून हळूहळू चालत नदीवर जायचं आणि दुसऱ्या दिवशीची वनस्पती आणायची. नकाशावर खूण करून एका क्षणात पोचता येतं, हे मी दोनदा दाखवलं. चालताना रस्त्यात माणसं भेटतात, म्हणाल्या. खरोखरच भेटत होती. नावाड्याची होडी कुणी बांधून ठेवलीय, त्याची मुलगी कुठे गेलीय, हे सगळं त्यांना ठाऊक होतं आणि गेम सात वेळा संपवलेल्या मला नव्हतं. मी हसायचे. त्या माझ्याकडे लक्षच द्यायच्या नाहीत.

चाळिसावी सकाळ रविवारी आली. मी स्वयंपाकघरात होते. आतून काहीच आवाज येईना म्हणून जाऊन पाहिलं. पडद्यावर नावाड्याची खोली होती, खिडकी उघडी होती आणि पलंग रिकामा होता.

सासूबाई वही चाळत होत्या. मागून पुढे, पुढून मागे. सकाळी वॉर्डात शिरल्यावर रिकामा पलंग दिसला तर नर्स काय समजते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“बाविसाव्या दिवशी मला उशीर झाला होता,” त्या म्हणाल्या. “तो व्यायामवाला आला होता ना गुडघ्यासाठी. दुपार झाली औषध द्यायला. त्यानंच गेला असेल.”

मला एका क्षणात सगळं कळलं. आम्हा लोकांची एक पद्धत आहे. चाळीस दिवस खेळायला वेळ कुणाला? आम्ही गेमचं आतलं घड्याळ पुढे ढकलतो. मी एक आज्ञा दिली, चार सेकंदांत चाळीस दिवस गेले, नावाडी उठून बसला, आणि तपासणीच्या तक्त्यात ‘चाळीस दिवस खेळून पाहिले’ या ओळीपुढे मी बरोबरची खूण केली. घड्याळ ढकललं की तो उठतो. पण खरोखर रोज झोपून, उठून, औषध देऊन चाळीस सकाळी काढल्या, तर चाळिसाव्या सकाळी गेम झोपलेल्या नावाड्याला काढून घेतो आणि बसलेल्याला ठेवायचं विसरतो. आम्ही बारा जण होतो, आणि बारापैकी एकानंही ते केलं नव्हतं.

गेम बाहेर पडायला सहा दिवस राहिले होते. तक्त्याखाली माझी सही होती. “असेल हो, उशीर झाल्यानं गेला असेल,” एवढं म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. सासूबाईंनी आयुष्यात बरेच पेशंट गमावले होते, हाही त्यांनी पचवला असता. ते सोपं होतं आणि ते माझ्या मनात आलं, हे मी कबूल करते.

“आई, तुमचं काही चुकलं नाही,” मी म्हणाले. “तो मेलेला नाही. मी ते चाळीस दिवस पाहिलेच नव्हते.”

मग घड्याळाचं सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटली, चष्मा काढला.

“आमच्याकडे अशा पोरी असायच्या,” त्या म्हणाल्या. “थर्मामीटर न लावता ताप लिहायच्या. तक्ता एकदम सुंदर असायचा त्यांचा.”

मी विचारलं, त्यांचं काय करायच्या तुम्ही.

“पहिल्या ओळीपासून परत लिहायला लावायचे. पेशंटजवळ उभं राहून.”

सोमवारी सकाळी मी मालकांच्या खोलीत गेले आणि माझी सही मागे घेते म्हणून सांगितलं. मालक माणूस वाईट नाही, पण जाहिराती लागल्या होत्या आणि त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एका म्हाताऱ्या नावाड्यासाठी? चाळीस दिवस त्या खोलीत बसणार तरी कोण, असं त्यांनी तीनदा विचारलं. एक बाई बसली, मी म्हटलं, आणि आमच्यापैकी कुणाला जे सापडलं नाही ते तिला सापडलं. वर हेही सांगितलं की घड्याळ ढकलून तपासलेल्या अशा आणखी दोनशे अकरा ओळी आहेत आणि त्यांचा भरवसा मी देऊ शकत नाही. मी आवाज चढवला नाही. गरजही नव्हती. सहीशिवाय गेम बाहेर जात नाही, हा त्यांचाच नियम होता.

गेम सात आठवडे पुढे गेला. माझ्या टीमनं आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. नावाड्याची दुरुस्ती तीन दिवसांत झाली, पण या वेळी मी घाई केली नाही. दुरुस्त झालेल्या गेममध्ये मी आधी स्वतः चाळीस सकाळी काढल्या, रोज नदीपर्यंत पायी जाऊन. पहिले दोन दिवस बोटं नुसती शिवशिवत होती. तिसऱ्या दिवशी मला नावाड्याची मुलगी भेटली.

चाळिसाव्या सकाळी तो उठून बसला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तू कोण?” तापात त्यानं मला पाहिलंच नव्हतं. खाली तीन उत्तरं आली. मी सवयीनं पहिलं निवडलं: ‘मीच तुला वाचवलं.’ त्यानं आभार मानले आणि मला एक तलवार दिली. चांगली होती तलवार. मी बरोबरची खूण केली आणि सासूबाईंचं दुरुस्तीसाठी नेलेलं मशीन घेऊन घरी आले.

सासूबाई एव्हाना काठी घेऊन घरभर फिरत होत्या. त्यांच्या एकोणचाळिसाव्या संध्याकाळपर्यंतचा खेळ मशीननं जपून ठेवला होता. “या वेळी मी पाहिलंय,” एवढंच मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि खुर्ची ओढून बसल्या. दारात तलवार काढली, आत गेल्या, खिडकी उघडली. मग पलंगाकडे वळल्या.

नावाडी उठून बसला होता. त्यानं विचारलं, “तू कोण?”

सासूबाईंनी तिन्ही उत्तरं वाचली. पहिलं निवडलं की तलवार मिळते, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मी गप्प राहिले. त्यांनी तिसरं निवडलं. ते मी वाचलंसुद्धा नव्हतं.

‘भूक लागली आहे का?’

“हो,” नावाडी म्हणाला. “खूप.”

तलवार मिळाली नाही, काहीच मिळालं नाही. सासूबाई समाधानानं मागे टेकल्या, आणि मला तिथेच रडू आलं. इतक्या वर्षांत मी शेकडो राजधान्या वाचवल्या होत्या. त्यातल्या एकाही माणसाला मी हे विचारलं नव्हतं.