बाबांच्या हातचा बिल्ड

बाबांच्या टेबलाभोवती सगळं ऑफिस गोळा झालं होतं. बाबा म्हणजे कंपनीतले सर्वांत जुने इंजिनिअर. त्यांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

"झाला! बाबांच्या हातून झालाच!"

टाळ्या पडल्या. नुकतीच कामाला लागलेली नवी मात्र कानकोंडी होऊन उभी होती. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान बांधून कंटेनरची इमेज, म्हणजे कुठल्याही मशीनवर चालेल असं गाठोडं, करायची, त्याला बिल्ड म्हणतात. तोच बिल्ड सकाळपासून तिच्या मशीनवर फसत होता, आणि तिची नोकरी अजून कच्ची होती.

"मशीन माणूस ओळखतं, पोरी," बाबा म्हणाले. "मन निर्मळ लागतं."

"मन मळलं की कुठला एरर येतो, बाबा?"

"जीभ बरी चालते," मॅनेजर खेकसला. "तुझा पायगुणच वाईट. संध्याकाळपर्यंत बिल्ड झाला नाही, तर उद्या येऊ नकोस."

ती जागेवर जाऊन एरर वाचत बसली. ज्या तयार इमेजच्या पायावर बिल्ड उभा राहतो, तिच्यात एक जुनी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारा तयार कोड, सापडत नव्हती. बिल्डच्या फाइलीत पहिल्याच ओळीत लिहिलं होतं : पायाला सर्वांत ताजी इमेज घ्या. तिच्या कोऱ्या मशीनने इंटरनेटवरून खरोखरच ताजी आणली होती, आणि तिच्यातून ती लायब्ररी काढून टाकलेली होती. ज्या मशीनवर जुनी आधीच साठलेली असते, ते मात्र नवी आणतच नाही.

ती उठली. "बाबा, तुमच्या मशीनमध्ये साठलेली जुनी इमेज पुसा आणि पुन्हा करून दाखवा."

"देवाची परीक्षा घेतेस?"

"देवाची कशाला? डिस्कची घेते."

मॅनेजरनेच ती पुसली. बाबा पुटपुटले. लाल खूण. पुन्हा पुटपुटले. पुन्हा लाल, एरर तोच.

नवीने पहिल्या ओळीत जुन्या इमेजचा नेमका नंबर लिहिला. बिल्ड तिच्याकडे झाला, बाबांकडे झाला, मॅनेजरकडेही झाला. आणि त्याचं मन निर्मळ असल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिने बाबांना विचारलं.

"सांगितलं असतं, तर माझ्याकडे कोण आलं असतं?"

नवीची नोकरी टिकली. पण तिच्याआधी त्या खुर्चीवर बसणाऱ्याला याच पायगुणापायी घालवलं होतं. त्याचंही मशीन कोरंच होतं.

"त्याला परत बोलावणार?" तिने विचारलं. मॅनेजर फोन चाळत निघून गेला.

मशीनला मन कळत नाही, पायगुण कळत नाही. लिहिलेलं तेवढं कळतं. बिल्ड फसला तर माणसाला बोल लावण्याआधी एरर वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत. त्याला कुणाचा आशीर्वाद लागत नाही.