ब्रेकमधली हवा

"दाब," चाकाच्या पोकळीतून गुरुदत्तचा आवाज आला.

वासंतीने पाय रेटला. पाय जरा उशिराच निघाला, पण पेडल हळूहळू खाली गेलं.

"दाबलंय."

"धरून ठेव. हं... सोड."

कोपरच्या त्या सोसायटीत, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, हा कार्यक्रम सलग चौथ्या रविवारी चालला होता. गाडी लाल, दोन दारांची, दोन माणसांची, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. डोंबिवलीच्या रस्त्यांवर असली गाडी आणणाऱ्या माणसाला सोसायटीने मनातल्या मनात वेड्यात काढलं होतं, आणि वासंतीने तोंडावर. गुरुदत्तला त्याचं काही नव्हतं. रंगांच्या कारखान्यात त्याने तीस वर्षं काटे आणि मापं तपासली होती आणि निवृत्तीनंतर एवढी एकच हौस केली होती. माणूस खोटं बोलेल, माप बोलणार नाही, असं तो म्हणे, आणि डॉक्टरपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना हाच नियम लावी.

ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल मऊ लागतं. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी पाना फिरवून जुनं तेल बाटलीत सोडायचं. पहिल्या रविवारी त्याने तिला मुद्दाम खाली बोलावून दाखवलं होतं. कोऱ्या चहासारखं काळपट तेल आणि त्यात बुडबुडे. गोडेतेलासारखं स्वच्छ यायला लागलं, बुडबुडे थांबले, की काम झालं.

"अजून किती वेळा?" तिने विचारलं.

"आत्ता दोनदा झालं. दहा वेळा करायचं."

"अहो, एवढ्यात पुण्याला जाऊन वल्लरीला घेऊन आला असतात."

पाना कशावर तरी आपटल्याचा आवाज आला.

वल्लरीला सातवा सरत आला होता. आठव्यात प्रवास नको म्हणून ती रोज फोनवर विचारायची, बाबा कधी येताय न्यायला? आणि हा, "गाडीचं होऊ दे, कळवतो," म्हणून फोन ठेवून द्यायचा. वासंतीचा संताप होई. लेक अवघडलेली, पहिलं बाळंतपण, आणि ह्या माणसाला ब्रेकची पडलेली.

कारण तिच्याकडे वेळ थोडा होता. गणपतीत दर्शनाला जाताना तिच्या उजव्या पायातली चप्पल निसटली आणि दहा पावलं गेल्यावर मागच्या बाईने सांगितलं तेव्हा तिला कळलं. तिथे ती हसली. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडली. कल्याणला तिच्या दादाचं असंच चप्पलेपासून सुरू झालं होतं. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, आणि त्यानंतर तीन वर्षं तो पलंगावर होता. आई त्याला चमच्याने भरवायची.

तिला फक्त चार महिने हवे होते. पाय पसरून बसायचं, नातवंडाला पायांवर पालथं घालायचं आणि कोमट पाण्याने न्हाऊ घालायचं. तिच्या आईने वल्लरीला असंच घातलं होतं. पायाचं कळलं तर वल्लरीच्या सासूबाई तिला तिकडेच ठेवून घेतील, आणि त्यात त्यांचं चुकणार तरी काय?

दुसऱ्या मजल्यावरचा सर्वेश किल्ली फिरवत आला.

"काका, तुमची स्कूटर आडवी लागलीय. मला जरा निघायचंय."

"आलो रे," म्हणत गुरुदत्त हात पुसत उठला. "वासंती, पेडल सोडलंस ना? दोन मिनिटांत येतो."

आत उकडत होतं. तिने दार उघडलं. गाडी इतकी बुटकी की चाकाशी ठेवलेली बाटली तिच्या अगदी हाताशी आली. तिने सहज पाहिलं. तेल स्वच्छ होतं, तळ दिसण्याइतकं. नळीत एकही बुडबुडा नव्हता.

बाटलीला उभी पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. तिच्यावर त्याच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, 'वासंती. उजवा पाय. दहा वेळा.' खाली तीन रेघा होत्या, तीन रविवारच्या तारखांच्या. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपेक्षा खाली होती. तिच्या दहा दाबांत बाटलीत पडणारं तेल दर रविवारी कमी होत होतं.

तिने ते दोनदा वाचलं. म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्याला विचारता आलं नव्हतं, तिला सांगता आलं नव्हतं, आणि गाडीचे धडधाकट ब्रेक मात्र दर रविवारी दाबले जात होते. त्याच्यावर चिडावं की त्याला जवळ घ्यावं, हे तिला कळेना. लबाड माणूस. मग तिला आजची रेघ दिसली, पट्टीवर अजून न काढलेली. ती आणखी खाली जाणार होती, आणि मग हा वल्लरीला तिकडेच राहा म्हणून फोन करणार होता.

स्कूटर सरकवल्याचा आवाज आला. तिने दार ओढून घेतलं.

"हं, दाब," तो चाकाशी बसत म्हणाला.

तिने डावा पाय उचलून उजव्या पायावर ठेवला, पाठ सीटला टेकवली आणि दोन्ही पायांनी जोर लावला. पेडल थेट खाली गेलं.

चाकापाशी काहीच हालचाल झाली नाही.

"दाबलंय," ती म्हणाली.

"हो. हो, दिसतंय. सोड."

उरलेल्या सातही वेळा तिने तसंच दाबलं. शेवटी घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता. काचेतून तिला दिसलं, तो बाटली डोळ्यांसमोर धरून उभा होता. खिशातून पेन काढून त्याने रेघ मारली. मग फरशीवरच बसला आणि तेलकट मनगटाने डोळे पुसले. महिनाभर हा माणूस नीट झोपला नव्हता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"झालं का?" तिने विचारलं.

"झालं." तो म्हणाला. "मला उगीच वाटत होतं, काहीतरी मोठं बिघडलंय. काही नाही गं. वल्लरीला फोन लाव. म्हणावं, येत्या रविवारी बाबा न्यायला येतायत."

तिला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तिचं दुखणं ठाऊक असलेलं एकच माणूस घरात होतं, तेही आता उरलं नव्हतं.

त्याने दार उघडून हात पुढे केला.

"चल वर. आज चहा मी करतो."

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "इथूनच बोलते तिच्याशी. वर रेंज नसते."

तो शीळ घालत जिना चढू लागला. शीळ ऐकू येईनाशी झाली तशी वासंतीने फोन मांडीवरून बाजूला ठेवला, आणि दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून गाडीबाहेर ठेवला.